नदीच्या प्रवाहात भूजलाचा वाटा किती? दख्खनच्या नद्यांसाठी अंदाजाच्या पद्धती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा संपून दोन-तीन महिने झाले तरी ओढे-नद्या वाहत असतात. हे पाणी येते कुठून?

महाराष्ट्रात वर्षाच्या पावसाचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पावसाळ्यात जमिनीत मुरलेले पाणी मुरमातून, खडकाच्या भेगांतून आणि नदीकाठच्या गाळातून उताराकडे हळूहळू सरकत राहते आणि शेवटी पात्रात पाझरते. काठालगतच्या भूजलाची पातळी पात्रातल्या पाण्यापेक्षा उंच असेल तर नदीला पाणी मिळते. ती खाली गेली की नदीच जमिनीला पाणी देऊ लागते. एकाच नदीचा वरचा टप्पा पाणी मिळवणारा आणि खालचा गमावणारा असू शकतो. तोच टप्पा ऑक्टोबरात पाणी मिळवतो आणि मार्चमध्ये, काठावरच्या विहिरींचा उपसा वाढल्यावर, ते गमावूही लागतो. म्हणून ‘भूजलाचा वाटा किती’ या प्रश्नाला कोणता टप्पा आणि कोणता महिना हे सांगितल्याशिवाय उत्तर नसते.

‘पायाभूत प्रवाह’ आणि ‘भूजलाचा वाटा’ हे एकच आहे का?

बोलताना दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, पण हिशोब करताना ते वेगळे ठेवावेत. पायाभूत प्रवाह किंवा बेसफ्लो म्हणजे नदीतला सावकाश बदलणारा प्रवाह, मग त्याचा उगम कोणताही असो. त्यात भूजल असते. पुराच्या वेळी काठाच्या गाळात शिरलेले आणि पूर ओसरल्यावर परत येणारे पाणीही असते. पाझर तलावातून झिरपणारे, कालव्याच्या लाभक्षेत्रातून परतणारे आणि शहराच्या गटारांतून रोज येणारे पाणीही असते. उन्हाळ्यात पुण्याच्या खाली मुळा-मुठेत जे पाणी दिसते, त्यात सांडपाण्याचा मोठा भाग असतो. तो प्रवाह संथ आणि स्थिर आहे एवढ्यावरून त्याला भूजल म्हणणे ही सरळ चूक ठरेल. आलेखावर आधारलेली प्रत्येक पद्धत पायाभूत प्रवाह काढून देते. त्यातला भूजलाचा भाग किती, हे अभ्यासकाला नंतर वेगळे ठरवावे लागते.

दख्खनच्या खडकामुळे या अंदाजात काय फरक पडतो?

फार मोठा फरक पडतो. महाराष्ट्राचे सुमारे चार-पंचमांश क्षेत्र बेसॉल्टने व्यापलेले आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर साचून तो तयार झाला. घट्ट काळ्या पाषाणात भेगा सोडल्या तर पाणी साठायला जागाच नसते. सच्छिद्र थर, झिजलेला मुरूम आणि दोन थरांमधील सांधे एवढ्याच जागी पाणी राहते. म्हणून इथला जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारा खडकाचा थर, उथळ असतो, साठवण कमी असते आणि पावसाळ्यात भरलेला साठा काही महिन्यांत रिकामा होतो. डोंगरउतारावर सच्छिद्र थर जिथे उघडा पडतो तिथे झरा फुटतो, आणि अशा झऱ्यांची रांग अनेकदा ठराविक उंचीवर दिसते.

इंग्लंडमधल्या खडूच्या खडकावरून वाहणाऱ्या काही नद्यांत वर्षाच्या एकूण प्रवाहापैकी नऊ-दशांशाहून अधिक प्रवाह पायाभूत असतो. ते प्रमाण मनात धरून भीमेच्या किंवा सीनेच्या पाणलोटाकडे पाहू नये. आपल्याकडे वर्षाच्या हिशोबात हा वाटा लहान असतो, पण डिसेंबरनंतरच्या हिशोबात, धरणाचे किंवा कालव्याचे पाणी नसलेल्या ओढ्यात, तोच सर्वस्व असतो. वार्षिक टक्केवारी छोटी आली म्हणून भूजलाचा वाटा नगण्य ठरवणारे अहवाल वाचले की मला मनापासून वाईट वाटते, कारण नदीतला मासा आणि काठावरचे गाव वार्षिक सरासरीवर जगत नाही.

जलालेखावरून पायाभूत प्रवाह वेगळा कसा काढतात?

जलालेख म्हणजे काळानुसार नदीच्या विसर्गाचा, म्हणजे दर सेकंदाला वाहणाऱ्या पाण्याचा, आलेख. सर्वांत जुनी रीत म्हणजे पुराचा चढ जिथे सुरू होतो तिथून पूर ओसरल्यानंतरच्या एका बिंदूपर्यंत रेषा ओढणे आणि रेषेखालचा भाग पायाभूत मानणे. हा दुसरा बिंदू ठरवण्यासाठी एक ठोकताळा वापरतात : पाणलोटाचे क्षेत्र चौरस किलोमीटरमध्ये घ्यायचे, त्याचा ०.२ घात काढायचा आणि त्याला ०.८३ ने गुणायचे. येणारे उत्तर म्हणजे पुराच्या शिखरानंतरचे दिवस. १,००० चौरस किलोमीटरच्या पाणलोटासाठी ते ३.३ दिवस येते. या ठोकताळ्यात खडक, उतार किंवा माती यांना काहीच स्थान नाही, हे विसरू नये.

वर्षानुवर्षांच्या दैनिक नोंदी असतील तर ‘किमान मूल्यांची’ पद्धत अधिक सोयीची असते. ब्रिटनमध्ये वॉलिंगफर्ड येथील जलविज्ञान संस्थेने १९८० मध्ये ती रूढ केली. नोंदींचे पाच-पाच दिवसांचे गट करायचे आणि प्रत्येक गटातला सर्वांत कमी विसर्ग निवडायचा. त्या किमान विसर्गाला ०.९ ने गुणल्यावर येणारा आकडा शेजारच्या दोन्ही गटांच्या किमान विसर्गांपेक्षा कमी असेल, तर तो वळणबिंदू धरायचा. असे बिंदू जोडले की पायाभूत प्रवाहाची रेषा मिळते. तिच्याखालील आकारमानाला एकूण आकारमानाने भागले की पायाभूत प्रवाह निर्देशांक मिळतो. हिशोब साध्या स्प्रेडशीटमध्ये होतो आणि दोन जणांनी केला तरी उत्तर एकच येते. उणीव अशी की सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जुलैमध्ये सलग तीन-तीन आठवडे पाऊस थांबत नाही, त्यामुळे पाच दिवसांतला किमान विसर्गही पुराचाच असतो. पावसाळ्यातला वाटा अशा ठिकाणी हमखास फुगून येतो.

डिजिटल गाळणी म्हणजे काय, आणि तिच्यातले आकडे कुठून घ्यावेत?

झपाट्याने बदलणारा आणि सावकाश बदलणारा संकेत वेगळा करण्याची ही गणिती युक्ती आहे. लाइन आणि हॉलिक यांनी ती १९७९ मध्ये नदीच्या प्रवाहासाठी सुचवली. तिच्यात एकच गुणांक असतो, त्याचे प्रचलित मूल्य ०.९२५ आहे, आणि गाळणी नोंदींवरून पुढे, मागे आणि पुन्हा पुढे अशी तीनदा फिरवण्याचा प्रघात आहे. २००५ मध्ये एकहार्ट यांनी दोन गुणांकांची गाळणी मांडली. पहिला गुणांक ओसरण्याचा वेग दाखवतो आणि तो नोंदींवरूनच काढता येतो. दुसरा म्हणजे निर्देशांकाची कमाल मर्यादा. तिच्यासाठी त्यांनी सच्छिद्र जलधरावरील बारमाही नद्यांना ०.८०, तशाच जलधरावरील हंगामी नद्यांना ०.५० आणि कठीण खडकातील बारमाही नद्यांना ०.२५ अशी मूल्ये सुचवली.

दख्खनच्या पुष्कळ नद्या यांपैकी कुठेच नीट बसत नाहीत, कारण त्या कठीण खडकात असून हंगामी आहेत. अनेकजण ०.२५ घेऊन मोकळे होतात. अडचण अशी की उत्तर या मर्यादेभोवतीच घोटाळत राहते, म्हणजे जे शोधायचे तेच आपण आधी घालून ठेवतो. म्हणून माझा आग्रह असा की ही मर्यादा पाण्याच्या विद्युत वाहकतेच्या किंवा समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या) मोजणीवरून ताडून घ्यावी. ते शक्य नसेल तर दोन-तीन मूल्ये घालून उत्तराचा पल्ला द्यावा. दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत दिलेला एकच आकडा वाचणाऱ्याला फसवतो.

ओसरण वक्रातून काय कळते?

माझ्या मते कोरड्या हंगामासाठी हे सर्वांत प्रामाणिक साधन आहे. पाऊस थांबल्यावर नदीचा विसर्ग दर दिवशी आदल्या दिवसाच्या ठराविक पटीत घटतो, हे माये यांनी १९०५ मध्ये घातांकी सूत्रात मांडले. त्याआधी बूसिनेस्क यांनी जलधर रिता होण्याचे गणित सोडवले होते. विसर्ग लॉगरिदमच्या प्रमाणात मांडला की हा वक्र सरळ रेषेसारखा दिसतो आणि तिचा उतार म्हणजेच जलधराची ओळख.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका ओढ्याचा विसर्ग १५ नोव्हेंबरला २ क्युमेक (सेकंदाला २ घनमीटर) आणि १५ डिसेंबरला १ क्युमेक आहे, मध्ये पाऊस नाही. तीस दिवसांत निम्मा, म्हणजे रोजचा गुणांक सुमारे ०.९७७ आणि ओसरण्याचा दर रोज सुमारे ०.०२३. दिवसभराच्या विसर्गाला या दराने भागले तर १५ नोव्हेंबरला नदीकडे वाहून येऊ शकणारा भूजलसाठा सुमारे ७५ लाख घनमीटर, म्हणजे पाव टीएमसीहून (टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) किंचित जास्त निघतो. महिनाभराने तो निम्मा उरतो. वीज नाही, रसायन नाही, फक्त दैनिक विसर्ग आणि पावसाची नोंद यांवर एवढे कळते.

मात्र बेसॉल्टमध्ये ही रेषा बहुधा एकसरळ नसते. सुरुवातीला मुरूम आणि उथळ भेगा झपाट्याने रित्या होतात, मग खोल सांधे संथपणे पाणी देतात, म्हणून रेषेला एक-दोन ठिकाणी बाक येतो. शिवाय रब्बीचा उपसा सुरू झाला की रेषा अचानक खाली वळते. तो खडकाचा गुण नसून मोटारींचा परिणाम असतो. बाक कोणत्या तारखेला आला आणि गावात गव्हाचे पहिले पाणी केव्हा दिले गेले, हे शेजारी-शेजारी ठेवून पाहावे.

धरण किंवा बंधारा असलेल्या नदीवर या पद्धती चालतात का?

जशाच्या तशा चालत नाहीत, आणि महाराष्ट्रात धरणमुक्त मोठी नदी शोधूनही सापडणे कठीण आहे. उजनीच्या खाली भीमेत किंवा पैठणच्या जायकवाडीखाली गोदावरीत दिसणारा संथ प्रवाह धरणातून सोडलेल्या पाण्याचा असू शकतो. चिपळूणची वाशिष्ठी हे याचे फार बोलके उदाहरण आहे. कोयनेच्या वीजगृहांतून बाहेर पडणारे पाणी पश्चिमेकडे वाशिष्ठीत येते, म्हणून ती उन्हाळ्यातही भरलेली दिसते. तिच्या जलालेखाला गाळणी लावली तर दुसऱ्या खोऱ्यातले पाणी कोकणातले भूजल म्हणून मोजले जाईल.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचा प्रश्न लहान दिसतो, पण तोही तितकाच त्रासदायक आहे. पावसाळा सरताना बरगे, म्हणजे बंधाऱ्याच्या फळ्या, घातले की खालचा विसर्ग एकाएकी तुटतो आणि वर साठलेले पाणी काठात शिरू लागते. ओसरण वक्र काढताना बरगे घालण्याची आणि काढण्याची तारीख पाटबंधारे शाखेतून किंवा गावातून मिळवणे म्हणूनच आवश्यक आहे. धरणांच्या बाबतीत सोडलेले पाणी वजा करून नैसर्गिक प्रवाह पुन्हा उभा करावा लागतो, किंवा धरणाच्या वरचा निर्बंध नसलेला ओढा निवडून तिथले निष्कर्ष सावधपणे खाली लावावे लागतात.

दोन ठिकाणी विसर्ग मोजून वाटा थेट काढता येत नाही का?

येतो, आणि कोरड्या हंगामात छोट्या टप्प्यासाठी ही रीत उत्तम आहे. समजा, एका टप्प्याच्या वरच्या टोकाला ०.८२ क्युमेक आणि सहा किलोमीटर खाली १.०५ क्युमेक विसर्ग मोजला. मध्ये एका ओढ्याने ०.०९ क्युमेक आणले आणि उपसा सिंचनाच्या मोटारींनी ०.०६ क्युमेक उचलले. मग भूजलाची भर ०.२० क्युमेक, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ३३ लिटर प्रति सेकंद येते.

आता चूक मोजू. प्रवाहमापकाने काळजीपूर्वक मोजले तरी प्रत्येक विसर्गात पाच टक्क्यांची चूक सहज राहते. दोन्ही टोकांच्या चुका एकत्र केल्या तर उत्तर ०.२० क्युमेक, अधिक-उणे ०.०७ असे लिहावे लागते. टप्पा आणखी छोटा घेतला तर चूक उत्तरापेक्षा मोठी होते. म्हणून टप्पा पुरेसा लांब हवा, दोन्ही मोजण्या शक्यतो एकाच दिवशी हव्यात आणि मधल्या मोटारी त्या दिवशी बंद ठेवता आल्या तर फार उत्तम. त्यासाठी शेतकऱ्यांना आधी भेटून काय मोजतो आहोत हे समजावून सांगावे. त्यांना उत्सुकता असते आणि बहुतेक वेळा सहकार्य मिळते.

पाण्याच्या गुणधर्मांवरून भूजल कसे ओळखतात?

खडकात राहिलेल्या पाण्यात क्षार विरघळतात, म्हणून त्याची विद्युत वाहकता पावसाच्या ताज्या पाण्यापेक्षा जास्त असते. समजा, विहिरींच्या पाण्याची वाहकता ८०० मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर, शेतातून वाहून आलेल्या पावसाच्या पाण्याची १५० आणि नदीची ३४५ आहे. नदीतून १५० वजा केले की १९५ उरतात, आणि विहीर व पाऊस यांतला फरक ६५० आहे. १९५ भागिले ६५० म्हणजे भूजलाचा वाटा ३० टक्के. हाताच्या मुठीत मावणाऱ्या उपकरणाने हे करता येते, म्हणून शाळा-महाविद्यालयांनी ते जरूर करावे. पण सांडपाणी, साखर कारखान्याचे पाणी किंवा खतांचा निचरा मिसळत असेल तिथे वाहकता वाढते आणि भूजलाचा वाटा खोटाच मोठा दिसतो.

ऑक्सिजन-१८ आणि ड्युटेरियम या स्थिर समस्थानिकांवर खतांचा असा परिणाम होत नाही. १९७९ मध्ये स्क्लॅश आणि फार्व्होल्डन यांनी कॅनडातील छोट्या पाणलोटांत याच मार्गाने दाखवले, की वादळी पावसानंतरच्या पुरातसुद्धा मोठा भाग आधीपासून जमिनीत असलेल्या जुन्या पाण्याचा असू शकतो. पूर म्हणजे केवळ पृष्ठभागावरून धावलेले पाणी या समजुतीला त्याने मोठा धक्का बसला. आपल्याकडे ही पद्धत वापरताना एक पथ्य पाळावे : धरणात किंवा डोहात साठलेल्या पाण्याचे बाष्पीभवन होऊन त्याची समस्थानिक ओळख बदलते, म्हणून नमुना वाहत्या पाण्याचाच घ्यावा.

रेडॉन-२२२ हा वायू खडकातून भूजलात येतो, नदीत आल्यावर हवेत उडून जातो आणि त्याचे अर्धायुष्य (तो निम्मा उरायला लागणारा काळ) ३.८२ दिवसांचे आहे. त्यामुळे नदीत रेडॉन वाढलेला आढळला तर भूजल जवळच कुठेतरी पाझरते आहे, हे निश्चित. वाटा मोजण्यापेक्षा जागा शोधण्यासाठी त्याचा उपयोग अधिक आहे.

नदीच्या तळातून येणारे पाणी हाताने मोजता येते का?

पिंपाचा वरचा भाग कापून तो वाळूत उलटा दाबायचा आणि त्याला जोडलेल्या पिशवीत ठराविक वेळेत किती पाणी जमते ते मोजायचे, असे साधे उपकरण आहे. वाळू-गाळाच्या तळात ते चालते, पण दख्खनच्या कातळी पात्रात ते रोवताच येत नाही. तिथे तापमान उपयोगी पडते : भूजलाचे तापमान वर्षभर फारसे हलत नाही, त्यामुळे जानेवारीच्या पहाटे पाझराची जागा आसपासच्या पाण्यापेक्षा उबदार लागते आणि एप्रिलच्या दुपारी थंड. अनेक गावांतील वडीलधाऱ्या माणसांना अशा जागा उपकरणाशिवाय ठाऊक असतात. सर्वेक्षणाची सुरुवात त्यांना विचारूनच करावी.

विहिरींच्या पातळीवरून नदीकडे जाणारे पाणी काढता येईल का?

तत्त्वतः येते, पण कठीण खडकात ही पद्धत एकटी वापरू नये. समजा, ५० चौरस किलोमीटरच्या पाणलोटात ऑक्टोबर ते जानेवारी या ९० दिवसांत पातळी सरासरी ३ मीटर उतरली. बेसॉल्टसाठी विशिष्ट जलप्राप्ती, म्हणजे खडकाच्या आकारमानापैकी निचरून मिळणाऱ्या पाण्याचा हिस्सा, साधारण २ टक्के धरतात, त्यावरून साठ्यातून ३० लाख घनमीटर पाणी गेले. त्यातले १८ लाख विहिरींनी उपसले असतील तर १२ लाख उरतात, म्हणजे नदी आणि झाडे मिळून सरासरी ०.१५ क्युमेक. आता २ टक्क्यांऐवजी ३ टक्के धरा : उत्तर ०.३५ क्युमेक होते. १ टक्का धरा : साठ्यातून गेलेले पाणी १५ लाखच भरते, उपशापेक्षाही कमी, आणि नदीचा वाटा उणे येतो. १ ते ३ टक्के हा सगळा पल्ला बेसॉल्टसाठी मान्य आहे. नुसत्या एका गुणांकाच्या निवडीने नदी वाहती ठरते किंवा कोरडी.

डार्सीच्या १८५६ च्या नियमाने, म्हणजे पातळीचा उतार आणि खडकाची वहनक्षमता यांवरून, काढलेल्या उत्तराची गतही तशीच असते, कारण भेगाळ खडकात वहनक्षमता दोन शेजारच्या विहिरींतही कित्येक पटींनी बदलते. संगणकीय प्रतिमानांनी हा दोष नाहीसा होत नाही. प्रतिमान चांगले आहे की नाही हे मोजलेल्या कोरड्या विसर्गाशी ते किती जुळते यावरच ठरवावे.

शासकीय भूजल मूल्यांकनात हा वाटा कसा धरला जातो?

देशभरातील मूल्यांकन केंद्रीय भूजल मंडळ राज्यांच्या यंत्रणांसह करते; महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे काम पाहते. १९९७ च्या कार्यपद्धतीत वार्षिक पुनर्भरणातून नैसर्गिक निचऱ्यासाठी वजावट ठरवून दिली होती : पुनर्भरण पातळीच्या चढउतारावरून काढले असेल तर ५ टक्के आणि पावसाच्या मुरण्याच्या प्रमाणावरून काढले असेल तर १० टक्के. पुढच्या सुधारित कार्यपद्धतीतही, पायाभूत प्रवाहाची प्रत्यक्ष मोजणी नसेल तिथे, याच आकड्यांचा आधार घेतला जातो. उरलेले पाणी उपसण्याजोगे मानले जाते.

हे आकडे सोयीसाठी ठरवलेले संकेत आहेत, मोजमाप नव्हेत. दुसरीकडे धरणांचे नियोजन नदीच्या मोजलेल्या प्रवाहावर होते, आणि त्या प्रवाहात भूजलातून आलेले पाणी आधीच असते. म्हणजे तेच पाणी एका कागदावर विहिरीचे आणि दुसऱ्या कागदावर धरणाचे म्हणून मोजले जाते. वरच्या पाणलोटात विहिरी आणि बोअर वाढले की खालचा ओढा डिसेंबरऐवजी नोव्हेंबरातच आटतो, आणि दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर दिसत राहतात. भूजलाचा वाटा मोजण्याचा खरा उपयोग हा दुहेरी हिशोब उघड करण्यात आहे, आणि म्हणूनच तो प्रत्येक पाणलोटात मोजला जावा असे मला कळकळीने वाटते.

आमच्या गावच्या ओढ्यावर ही मोजणी सुरू करायची असेल तर?

बंधारा किंवा सांडपाणी नसलेला, अरुंद आणि सरळ असा टप्पा निवडावा. विसर्ग फार कमी असेल तर बादली आणि घड्याळ पुरते. थोडा जास्त असेल तर पत्र्याची त्रिकोणी खाच बसवावी. त्याहून जास्त असेल तर तरंगणारी वस्तू सोडून पृष्ठभागाचा वेग काढावा आणि त्याला ०.८५ ने आणि प्रवाहाच्या छेदाच्या क्षेत्राने गुणावे. ऑक्टोबरपासून ओढा आटेपर्यंत आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी विसर्ग, पाण्याची वाहकता आणि जवळच्या तीन-चार विहिरींची पातळी नोंदवावी. विहिरीची पातळी मोटार सुरू होण्याआधी सकाळी घ्यावी. गावातल्या मोटारी साधारण केव्हा चालतात आणि अवकाळी पाऊस केव्हा पडला, हेही त्याच वहीत तारखेसह लिहावे. एका वर्षाच्या नोंदीतून ओसरण वक्र निघतो. तीन वर्षांच्या नोंदी झाल्या, आणि त्यात एखादे कमी पावसाचे वर्ष आले, तर त्या वक्रातला पावसाचा भाग आणि उपशाचा भाग वेगळा करता येऊ लागतो.